खालच्या ओळीतली नावं

१२ जानेवारी १९९७

पॉलिटेक्निकमधली नोकरी सोडल्यापासून मी घरात एकटाच बोलत फिरतो, अशी माझ्या बायकोची, मयूरीची तक्रार आहे. म्हणून तिनं ही डायरी आणून दिली. तिच्या बँकेत फुकट मिळालेली आहे, पण आव असा की खास माझ्यासाठी दुकानं पालथी घातली. तर आता बोलायचं ते इथं.

आज सांगण्यासारखं आहेही. आजवर घरी घेतलेल्या कॉम्प्युटरवर लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढून दिले, म्हणजे हातानं होत होतं तेच जरा सुबक केलं. आज नारायण सरांनी घरी बोलावलं. कॉलेजात त्यांनी मला बांधकामाचं गणित शिकवलं, निवृत्त झाले तरी अजून मला 'ए पोरा' म्हणतात. त्यांच्यासमोर एक मिशाळ गृहस्थ ताठ बसले होते. निवृत्त सुभेदार शंभूराज, गाव खडकओढे, वडूजच्या पुढं. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. बासष्टपासून जे परत आले नाहीत त्यांचं स्मारक गावाला बांधायचं आहे.

"पुतळा नको, चौथरा नको," सुभेदार म्हणाले. "आत बसाय यील असं कायतरी करा. म्हाताऱ्या बाया हाईत, त्यास्नी सावली पायजे. आन स्वातंत्र्याला पन्नास वर्सं व्हत्यात त्या पंदरा ऑगस्टला उद्घाटन. त्यात बदल न्हाई."

मी घुमट म्हणालो. मध्ये एकही खांब नसलेला, सिमेंटच्या पातळ जाळीदार तक्त्यांचा घुमट. सर मिशीतल्या मिशीत हसले. वेडा आहे, पण करील, असं सुभेदारांना म्हणाले.

३ फेब्रुवारी

जेवणाची शुद्ध नाही, पण जमलं.

गोल घुमट असता तर एका ओळीतले सगळे तक्ते सारखे निघाले असते. पण गावानं दिलेली जागा ओढ्याकाठची, लांबट. त्यामुळं घुमटही अंड्यासारखा, आणि त्याच्यावर चौकोनांचं जाळं पसरलं की एक चौकोन दुसऱ्यासारखा नाही. प्रत्येकाचा नकाशा हातानं काढत बसलो असतो तर म्हातारा झालो असतो. मी कॉम्प्युटरला नियम दिला: या जाळ्यातला एकेक चौकोन उचल, त्याच्या मापात नक्षी बसव, आणि चौकोन जितका उंचावर तितकी नक्षीची भोकं मोठी कर. एक आकडा बदलला की अख्खा घुमट बदलतो. चहा करून आणेपर्यंत नवा घुमट पडद्यावर हजर. मयूरीला दाखवला. ती म्हणाली, "छान, लेस लावल्यासारखा दिसतोय." एवढ्या गणिताची लेस केली.

सरांनी नकाशे तपासले, सही केली. त्यांची अट एकच. सगळ्यात खालच्या ओळीला भोक नको. "वरचं सगळं ओझं त्या ओळीतून जोत्यावर उतरतं. ती भरीव. बाकी वर तुला काय नक्षी काढायची ती काढ."

शहिदांची नावं मधल्या ओळीत घेतली आहेत. बारीक भोकांच्या ठिपक्यांनी काढलेली अक्षरं. ऊन आलं की नावं खाली जमिनीवर उमटतील.

२ मार्च

तक्ते करायला कुपवाडचा कृष्णात मिळाला. लोखंडी जाळीवर सिमेंट थापून कुंड्या आणि कंपाउंडच्या नक्ष्या करतो. माझ्याच वयाचा, तोंडात सतत बडीशेप. नकाशांचा गठ्ठा बघून म्हणाला, "साहेब, यातला एक तरी दुसऱ्यासारखा हाय का?" मी नाही म्हणालो. "मग साचा एकदाच वापरायचा आन मोडायचा. लय खोडी काढली राव तुमी." पण डोळे चमकत होते. कुंड्या करून तोही कंटाळला असणार.

१६ मार्च

नमुन्याचा तक्ता घेऊन खडकओढ्याला गेलो. विटा, मायणी, वडूज आणि तिथून सुभेदारांच्या जीपमधून. तक्ता देवळाच्या पारावर उभा केला. सगळं गाव जमलं. पुरुषमंडळींनी वाहवा केली. मग बाया पुढं आल्या.

धोंडुबाई नावाची एक अगदी ठेंगणी म्हातारी. तिचा मुलगा केरबा एकाहत्तरच्या लढाईत गेला. नमुना म्हणून मी नेमकं त्याचंच नाव काढलं होतं, सुभेदारांनी सुचवलं होतं. तिनं ठिपक्यांवरनं हात फिरवला, परत फिरवला, आणि सुभेदारांकडं बघितलं.

"ह्ये तर चाळणीवानी लागतंय. नाव कुठं हाय?"

मी समजावलं, की हे लांबून वाचायचं, उन्हात जमिनीवर उमटतं.

"मला वाचाय येत न्हाई, लेकरा. त्येची ट्रंक हाय माज्याकडं. काळी, वर पांडऱ्या रंगानं नाव हाय. वर लांब रेघ आन खाली लोंबत्यालं. त्यावरनं मी रोज हात फिरवती. तसं कर. बोट आत गेलं पायजे." मग वर बघत विचारलं, "आन ह्ये लावणार कुठं?"

सुभेदारांनी घुमटाच्या मधल्या ओळीची उंची हात उंचावून दाखवली.  म्हातारीनं आपला हात वर केला, तो सुभेदारांच्या डोक्यापर्यंतही गेला नाही, आणि तसाच खाली घेतला. तिच्यामागं आणखी बाया उभ्या होत्या, तेवढ्याच उंचीच्या.

परतताना सुभेदारांनी वाटेत जीप थांबवली. मग म्हणाले, "पुष्करराव, नावं खाली घ्या. सगळ्यात खालच्या वळीत, छातीसमोर. ह्ये माझं न्हाई, त्या बायांचं म्हणनं हाय असं समजा."

घरी येताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लिहून ठेवतो. आपलं गणित कुणाच्या तरी बोटाला कळावं, याहून जास्त काय हवं.

१९ मार्च

नियमात एक नवी गोष्ट घातली: नाव. आता प्रत्येक तक्ता आपापलं नाव घेऊन येतो. अक्षरं आरपार कोरलेली, बोट आत जाईल एवढी, वर सलग शिरोरेषा. लहान नाव असो की मोठं, कॉम्प्युटर ते ताणून तक्त्याच्या पूर्ण रुंदीला बसवतो, कडेला फक्त दोन बोटं सोडून. हे मला फार आवडलं, कुणी शिपाई असो की सुभेदार, नाव सारख्याच रुंदीचं.

सगळ्यात सुंदर योगायोग म्हणजे शिरोरेषा. सगळ्या तक्त्यांवर एकाच उंचीवर येते. पडद्यावर घुमट फिरवून बघितला तर खाली चहूकडून एक अखंड रेघ, भोपळ्याची टोपी कापायला सुरीनं वर्तुळ काढावं तशी. मी अर्धा तास नुसता फिरवत बसलो होतो.

खालची ओळ भरीव हवी ही सरांची अट आहे, ते लक्षात आहे. त्याचा उपाय केला. मधली ओळ भरीव करून टाकली. म्हणजे एकूण माल तेवढाच राहिला, फक्त ओळींची अदलाबदल झाली.

२३ मार्च

मयूरीनं विचारलं, "सरांना दाखवलंत का नवीन?"

सरांना कसं दाखवणार? परवा त्यांना मिरजेला हलवलं, हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी त्यांच्याशी कामाचं बोलायलाही बंदी केली आहे. हे तिला माहीत आहे, तरी विचारलं. मी म्हणालो, "प्रत्येक गोष्ट सरांना विचारून करायची तर मी नोकरी कशाला सोडली?" तिनं आमटीत मीठ जास्त घातलं. मुद्दाम की चुकून, कळलं नाही.

१४ एप्रिल

कृष्णात वैतागलाय. नावाचे तक्ते साच्यातून उचलताना मोडतात. बरोबर शिरोरेषेवर मोडतात, जसा काही तिथं दुमडायचा आहे. आज माझ्या देखत एक गेला. आवाज विशेष नाही, कडक भाकरी मोडावी तसा. त्याच्या माणसांनी तुकडे बाजूला ढकलले आणि पुन्हा सिमेंट कालवायला घेतलं, सवय झाल्यासारखं.

"वाळू खराब आली असंल," कृष्णात म्हणाला. मी वाळू बघितली, ठीक वाटली. मग आम्ही युक्ती काढली. मागं लाकडी फळी बांधायची, फळीसकट उचलायचं आणि जागेवर बोल्ट आवळल्यावर फळी सोडायची. त्यानंतर एकही मोडला नाही. मोडण्याचा प्रश्न फक्त उचलताना आहे. एकदा उभा राहिला की त्याला कोण हलवणार?

८ मे

तक्ते ट्रकमधून गेले. मध्ये उसाचं पाचट घालून, आंब्याच्या पेट्या भराव्यात तसे. मी ट्रकमागून स्कूटरवर विट्यापर्यंत गेलो, काही कारण नसताना. विट्याला ड्रायव्हरला चहा पाजला आणि परत फिरलो.

२५ मे

आत लाकडी टेकू उभे करून त्यावर तक्ते चढवतायत. खालून वर, ओळीनं. बोल्टची भोकं काही ठिकाणी जुळेनात. घुमट अंड्यासारखा, प्रत्येक कोन वेगळा, थोडं इकडंतिकडं होणारच. कृष्णातनं भोकं लांबट करून घेतली, म्हणजे तक्ता सरकवून बसवता येतो. हुशार माणूस आहे.

ऊन मरणाचं. गावच्या बाया कामगारांना ताक आणून देतात. धोंडुबाई रोज येते, केरबाच्या तक्त्यापाशी बसते आणि इतर बायांना त्यांची त्यांची नावं दाखवते. तिला वाचता येत नाही, पण कुठलं कुणाचं हे तिला सगळं पाठ झालं आहे.

१५ जून

टेकू काढले.

एकेक काढताना मी मोजत होतो. शेवटचा निघाला आणि घुमट नुसता स्वतःवर उभा राहिला. सुभेदारांनी सलाम ठोकला, मला की घुमटाला ते कळलं नाही. कृष्णातनं मला उचलून घेतलं. पोटातून असं हसू यावं ते शाळेनंतर पहिल्यांदा आलं.

मधोमध वरून लोखंडी साखळीला पितळी घंटा टांगली. स्मारकात आलं की वाजवायची. धोंडुबाईला पहिला मान दिला, पण तिचा हात पुरेना. चवड्यावर उभी राहिली तरी बोटं आणि घंटा यांच्यात वीतभर अंतर. सगळे हसले, तीही हसली. सुभेदार म्हणाले, घंटेला दोरी बांधून देतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी वाजवा, मी ऐकती."

दुपारी आम्ही आत जेवायला बसलो असताना कुठंतरी 'टक' असा आवाज झाला. भट्टीसारखं ऊन होतं, सिमेंट तापून फुगतं, त्याचा आवाज. मी तसं सांगितलं आणि सगळे पुन्हा जेवायला लागले.

६ जुलै

आवाजाला गावात नाव पडलं. पोरं बोलतात म्हणे.

सुभेदारांनीच फोनवर सांगितलं. हल्ली बाया दुपारी मुद्दाम आत जाऊन बसतात. कुठल्या बाजूनं टक झालं ते बघतात, त्या बाजूला कुणाचं नाव आहे ते ठरवतात, आणि ज्याचं नाव त्याच्या घरी निरोप जातो, की तुझा आज बोलला. ज्यांचा बोलला नाही त्या हिरमुसून घरी जातात. मी हसलो तसे ते म्हणाले, "हसू नगा. तीस-तीस वर्सं ज्यांच्या घरात आवाज न्हाई त्यांचं चाललंय ते."

मी हसायला नको होतं. पण मनातून बरंही वाटलं. एवढं जिवंत काही मी आधी केलं नव्हतं.

१३ जुलै

ऑपरेशननंतरचं दुखणं लांबलं होतं, मिरजेहून सर आत्ता कुठं घरी आले. भेटून आलो. खूप वाळलेत. विचारलं, "पोरा, घुमट उभा राहिला?" मी हो म्हणालो. "खालची ओळ भरीव ठेवलीस ना?" मी म्हणालो, तुम्ही आता विश्रांती घ्या, बघायला गाडीनं नेतो. त्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटले. मला वाटतं त्यांना झोप लागली होती.

 

२० जुलै

खडकओढ्याला गेलो. पाऊस नावालाच, पण वारा जोराचा. आतून पांढरा रंग देणं चालू आहे. शिरोरेषेच्या टोकांपासून बारीक केसासारख्या भेगा निघाल्या आहेत, एका नावाच्या शेवटापासून पुढच्या नावाच्या सुरुवातीपर्यंत. कृष्णात पांढरं सिमेंट बोटानं भरत होता. म्हणाला, "आठवड्यात परत दिसत्यात. परत भरायचं. रंगाखाली कुणाला दिसणार हाय?" सिमेंट सुकताना अशा भेगा येतातच. तरी मी एकदा बोट फिरवून बघितलं. काठ एका रेषेत नव्हते, वरचा थोडा बाहेर आला होता.

धोंडुबाई भेटली. खूश होती. आज चवड्यावर उभी राहून तिनं घंटेला बोट लावलं. म्हणाली, "बग, पोचला हात." मी म्हणालो, साखळीच्या कड्या ओढून सरळ झाल्या असतील. मग मनात आलं, तिला खूश होऊ द्यावं, कड्या कशाला सांगत बसायच्या.

२ ऑगस्ट

छापलेली निमंत्रणपत्रिका आली. 'संकल्पना व गणक-आराखडा' यापुढं माझं नाव. मयूरीनं ती फ्रिजवर लावली. आईला दोन पाठवल्या.

१० ऑगस्ट

पंचमीला गावच्या पोरीबाळींनी घुमटात फुगड्या घातल्या. सुभेदारांचा फोन होता. म्हणाले, नाच रंगात आला तशी घंटा कुणी हात न लावता वाजायला लागली. सगळं गाव बघायला लोटलं. आवाज तर आता दुपारचे, सकाळचे, कधीही येतात. "पोरास्नी घाई झालीया," ते म्हणाले. हसले, पण मग थांबून विचारलं, "समदं ठीक हाय न्हवं, पुष्करराव? तसं कळवा, मग मी दुसऱ्यास्नी ठीक हाय म्हणून सांगतो."

मी ठीक आहे म्हणालो.

१२ ऑगस्ट

उद्घाटनाच्या तयारीला जाऊन आलो. शेवटचा रंग मारायला कृष्णात आणि त्याची माणसं तिथंच मुक्कामाला आहेत. आत सतरंज्या, मधोमध टेबल. शहिदांच्या आयांना आपापल्या नावाला पाठ टेकून बसवायचं ठरलं आहे, म्हणजे फोटोत आई आणि नाव दोन्ही येईल. ही कल्पना माझी.

निघताना धोंडुबाईनं थांबवलं. चप्पल काढून आत गेली, घंटेखाली उभी राहिली आणि सहज, कोपरात हात वाकवून, ठण्ण वाजवली. मग माझ्याकडं बघितलं, शाळेतल्या पोरीसारखी. मला इतकं भरून आलं की बसमध्येही तेच डोळ्यासमोर होतं.

जेवताना मयूरीला सांगितलं, की जूनमध्ये धोंडुबाईचा हात घंटेच्या वीतभर खाली राहत होता आणि आज बघ. मयूरी ताट पुसत म्हणाली, "या वयात म्हातारी वाढली की घंटा खाली आली?"

ती चेष्टेनं म्हणाली. मीही हसलो. हात धुवायला उठलो आणि नळ तसाच वाहत राहिला.

साखळी लोखंडाची आहे. ती हातभर ताणत नाही. घंटा खाली आली म्हणजे साखळी जिथं अडकवली आहे ते खाली आलं.

१३ ऑगस्ट, सकाळ

रात्रभर कागदावर बेरजा. ओझं वरून खाली उतरतं. खालच्या ओळीत आलं की त्याच्या वाटेत आडवी चीर आहे, तक्त्याच्या रुंदीभर. पुढच्या तक्त्यात तशीच, तिच्याच उंचीवर. सबंध घुमट प्रत्येक तक्त्याच्या कडेच्या दोन-दोन बोटांवर उभा आहे. ती मी सोडली, दिसायला बरी म्हणून. आणि वर भरीव ओळ बसवून ओझं वाढवलं. बोल्टची भोकं लांबट आहेत, त्यामुळं तक्ते सरकतायत आणि माथा हळूहळू खाली बसतोय.

सुरीनं भोपळ्याची टोपी कापावी तशी रेघ, हे मीच लिहिलं होतं.

उजाडताच गावच्या दूध डेअरीत फोन केला. सुभेदारांना बोलावून घेतलं. कुणालाही आत सोडू नका म्हणालो. बाया सकाळच्या आत बसल्या असतील तर उचलून बाहेर काढा. आणि कृष्णातला सांगा, लगेच टेकू लावायला घे.  पलीकडून "येस सर" एवढंच. त्यांनी मला कधी सर म्हटलं नव्हतं.

आता निघतो.

१५ ऑगस्ट

मी मायणीच्या स्टँडवर बस बदलत होतो तेव्हा घुमट पडला.

सुभेदारांनी बाया बाहेर काढल्या होत्या. धोंडुबाई निघेना. "पोर बोलतंय आन मी भाईर जाऊ व्हय?" म्हणाली. त्यांनी तिला खांद्यावर टाकून आणलं. मग कृष्णात टेकू घेऊन आत गेला, बाकीच्यांना दारातच थांबायला सांगून. पहिला टेकू उभा केला आणि खालची ओळ सगळीकडून एकदम फुटली, असं म्हणतात. वरचं तसंच अख्खं खाली आलं. कृष्णात दाराजवळ पोचला होता, पाय तेवढा राहिला.

मिरजेला त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. काल त्याच्या बायकोसमोर उभा राहिलो. टेकू लावायला मीच सांगितलं, हे सांगितलं. ती म्हणाली, "तुमी सांगितलं म्हणून समद्या बाया वाचल्या, असं हे म्हणत्यात." पुढं ऐकवेना. मी व्हरांड्यात जाऊन बसलो.

आज रेडिओवर सकाळपासून देशभक्तीची गाणी. मयूरीनं फ्रिजवरची पत्रिका काढली आहे. कुठं ठेवली ते मी विचारलं नाही.

१८ ऑगस्ट

सरांकडं नकाशे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, खालची ओळ बघितली, बोट त्या रेघेवर ठेवलं आणि ते पूर्ण घुमटाभोवती फिरवलं. मग पहिल्या पानावरची स्वतःची सही बघितली. मी म्हणालो, सर, हे तुम्हाला न दाखवता मी केलं, सगळ्यांना तसंच सांगणार आहे. ते म्हणाले, "मी विचारलं होतं तेव्हा का नाही सांगितलंस?" आवाज चढवला नाही. त्यांनी रागवायला हवं होतं.

२४ ऑगस्ट

खडकओढ्याला जायचं धाडस आज झालं. मयूरी बरोबर आली.

सुभेदारांना आधीच पत्रानं सगळं कळवलं होतं, कारणासकट. नावं खाली घेतली म्हणून पडला, आणि ती तशी कोरली ती माझी चूक, असं स्वच्छ. ते स्टँडवर घ्यायला आले. म्हणाले, "नावं खाली घ्या म्हणून सांगणारा मी. बायास्नी ह्यातलं कायबी सांगितलं न्हाई. तुमीच बगा काय सांगायचं त्ये." 

ढिगारा तसाच आहे. बायांनी त्यातून आपापली नावं वेचून नेली आहेत. कुणाकडं दोन अक्षरं, कुणाकडं नुसता काना. धोंडुबाईच्या घरी काळ्या ट्रंकेवर एक तुकडा ठेवला आहे, हळद-कुंकू लावून. 'के' आणि त्यावरची रेघेची थोडी खोबण. तिनं मला जवळ बसवलं. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तू वाईट वाटून घिऊ नगंस," ती म्हणाली. "पंचमीला पोरी आत नाचल्या, तवा पडलं न्हाई. आमी रोज बसत हुतो, तवा पडलं न्हाई. समद्या भाईर येस्तवर त्यांनी धरून ठिवलं हुतं. दमली पोरं. त्या कृष्णाताचा पाय तेवढा त्यांच्या हातनं सुटला. तुला ठावं हाय का, केरबाच्या नावाचा तक्ता शेवटाला पडला. सुभेदारानं बगितलं."

मी सुभेदारांकडं बघितलं. ते उंबऱ्याकडं बघत होते. मयूरीचा हात माझ्या पाठीवर होता. मला सांगायचं होतं. घरून निघताना वाक्यं ठरवून निघालो होतो, बसमध्ये मनात म्हणूनही बघितली होती. की आई, त्यानं धरलं नव्हतं, त्याच्या नावाची चीर होती म्हणूनच ते पडलं. दारात उभ्या असलेल्या सगळ्या बायांच्या हातात काही ना काही होतं, पदराखाली धरलेलं.

"परत बांदशील न्हवं?" तिनं विचारलं. "तवा नावं तितंच ठिव, खालच्या वळीत. त्यांच्यात लय जोर हाय." तिनं ट्रंकेवरचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि माझं बोट धरून त्या खोबणीत घातलं. "आन ही रेघ ह्या बारीला जरा रुंद काड. माझं बोट जाड झालंय, नीट जात न्हाई आत."

मी बरं म्हणालो आणि प्यायला पाणी मागितलं.